अंगण पुरेसं वाकडं नाही

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण स्कीइंगच्या खेळात उलटी करून वापरावी लागते. इथे अंगण वाकडंच हवं. तक्रार करायची तर ते पुरेसं वाकडं नाही अशी. आणि ती करण्याचा पहिला मान मिनेसोटाच्या लोकांना द्यायला हवा. मोटारीच्या नंबरप्लेटवर दहा हजार तळी मिरवणारं हे राज्य. पाणी जागोजाग साचतं, म्हणजे जमिनीला उताराची फारशी हौस नाही हे उघड आहे. थंडी मात्र अशी की नाकातले केस गोठून टोचायला लागतात. हिवाळा पाच महिने, घसरायला जागा नाही.

तरी मिनिआपोलिसच्या दक्षिणेला, बर्न्सव्हिल गावात, पस्तीस नंबरच्या हायवेला अगदी खेटून बक हिल नावाची एक टेकडी आहे. चक आणि नॅन्सी स्टोन यांनी १९५४ साली इथे स्कीइंग सुरू केलं. पायथ्यापासून माथा जेमतेम ३१० फूट, म्हणजे सुमारे ९४ मीटर. बायकांच्या जागतिक दर्जाच्या डाउनहिल शर्यतीला निदान ४५० मीटरचा उतार लागतो. म्हणजे अशा पाच टेकड्या एकावर एक रचल्या, तर कुठे शर्यतीचा अर्ज भरता येईल.

माझी लेक इथून जवळच राहते आणि नात संध्याकाळी या टेकडीवर शर्यतीचा सराव करते. मी खालच्या शॅलेत काचेपाशी कॉफी घेऊन बसतो. दिवे लागलेले असतात, पलीकडून ट्रक धावत असतात, आणि बर्फ उडवणाऱ्या तोफांची घरघर चालू असते. हो, तोफा. पाण्याचे बारीक तुषार दाबलेल्या हवेबरोबर उडवायचे, ते खाली पडेपर्यंत गोठतात, असा कारभार. मिनेसोटात पैसे मोजून बर्फ तयार करायचा, म्हणजे आषाढात कोकणात टँकर मागवण्यातला प्रकार. पण आभाळातून येतो तो बर्फ मऊ असतो, आणि येतो तोही त्याच्या लहरीनं. शर्यतवाल्या पोरांना लागतो तो घट्ट, ठोकळ्यासारखा. लहरीवर शिस्त चालत नाही.

टेकडीचा खरा जीव मात्र तिच्या दोरात आहे. रोप टो म्हणतात त्याला. वर एक चाक, खाली एक चाक, मध्ये न थांबता पळणारा जाड दोर. बसायला खुर्ची नाही, टेकायला दांडी नाही. धावता दोर हातात धरायचा आणि तो नेईल तसं, पायांतल्या स्कीवर उभं राहून, वर जायचं. एकदम आवळला तर खांद्याला हिसका बसतो. आधी तळव्यातून थोडा सरकू द्यायचा, मग हळूहळू मूठ घट्ट करायची. नातीच्या हातमोज्यांचे तळवे काळे पडून गुळगुळीत झालेत आणि अंगठ्यापाशी चिकटपट्टीचे थर बसलेत. लेक नवे घेऊ म्हणते, तर ही जुनेच बरे म्हणते. त्यांना दोर कळतो.

चेअरलिफ्टही आहे, पण ती देखावा दाखवत सावकाश नेते. दोर पोरांना झपकन वर टाकतो. उतार अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, की लगेच पुन्हा दोर. उंच पर्वतावर लिफ्टमध्ये बसून हात चोळण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात इथलं पोरगं कित्येकदा खांबांच्या ओळीतून वळणं घेऊन खाली आलेलं असतं.

ऑस्ट्रियात जन्मलेल्या एरिक सेलर या प्रशिक्षकाला याचं मोल कळलं. आल्प्स बघितलेला माणूस १९६९ मध्ये या टेकाडावर आला आणि रमला. उंची नाही तर नाही, फेऱ्या तर आहेत ना! खांब रोवायचे, पोरं सोडायची, पुन्हा वर धाडायची. क्रिस्टिना कोझनिक इथूनच वर्ल्ड कपच्या स्लॅलम, म्हणजे खांबांतून वळणं घेण्याच्या, शर्यती जिंकण्यापर्यंत पोचली. आणि लिंडसे व्हॉन, जिनं २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्णपदक घेतलं, तीही लहानपणी याच दोराला लटकत वाढली. गंमत बघा, डाउनहिल! म्हणजे पाच टेकड्या रचाव्या लागतात ती शर्यत.

मी नातीला विचारलं, “एवढीशी टेकडी, कंटाळा नाही येत?”

“आजोबा, इथे पडलं तरी चालतं,” ती म्हणाली. “लगेच परत जाता येतं.”

मला वाटतं, यात सगळं आलं. मोठ्या पर्वतावर पडणं महाग असतं. एक फेरी वाया गेली की अर्धी सकाळ गेली. मग माणूस जपून वळतो, आणि जपून वळणाऱ्याला वेग येत नाही. इथे पडणं इतकं स्वस्त की पोरं बिनधास्त पडतात, आणि त्यामुळे शिकतात. मागच्या चुकीची लाज वाटायला जी सवड लागते, ती दोर देतच नाही.

अर्थात टेकडीलाही मर्यादा आहेत. लांब पल्ल्याचा वेग तिच्यापाशी नाही, म्हणून व्हॉनला किशोरवयात कोलोराडोच्या व्हेलला जावं लागलं. टेकडीनं तिला अडवलं नाही. पाय पक्के करायचे, वळण अंगात मुरवायचं, आणि पुढचं मोठ्या पर्वतावर सोपवायचं. आपलं काम कुठे संपतं हे इतकं नेमकं ओळखणारी संस्था विरळाच; आईबापांत आणि आजोबांत तर फारच विरळ.

परवा लेक म्हणालीच, “बाबा, हिला पुढे व्हेलला पाठवायचं म्हणत्येय.”

“जरूर पाठव,” मी म्हणालो, आणि तिथल्या लिफ्टच्या तिकिटाचा दर विचारला. आकडा ऐकल्यापासून या टेकडीत नातीला शिकवण्यासारखं अजून पुष्कळ शिल्लक आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.