ड्रायव्हर निर्दोष आहे

हाटकेशमध्ये आवाजाची टंचाई आहे, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. उद्योगनगरातल्या गाळ्यांची खडखड, मीरा-भाईंदर रोडवरचे हॉर्न आणि मिळेल त्या निमित्ताने लागणारा डीजे एवढा ऐवज असताना एखाद्या नव्या कॉम्प्युटरने मौन पाळलं, तर सोसायटीने खरं म्हणजे त्याला शाल-श्रीफळ द्यायला हवं. पण लॅमिंग्टन रोडवर एकेका भागासाठी घासाघीस करून घरीच जोडलेला कॉम्प्युटर चालू होतो, पडद्यावर चित्र उमटतं आणि स्पीकर मात्र ढिम्म राहतात, तेव्हा घरातलं वातावरण सत्काराचं नसतं. विंगेत एखादा जाणकार असतोच. तो कॅबिनेटकडे ढुंकूनही न बघता निदान सांगतो, ‘ड्रायव्हर उडालाय. फॉर्मॅट मारा.’ माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा हा ड्रायव्हर जागच्या जागी असतो आणि इमानाने काम करत असतो. आवाजही निघालेला असतो. फक्त ए विंगचं कुरिअर बी विंगेत टाकावं, तसा तो भलत्याच दारात पडलेला असतो.

या संशयाला इतिहास आहे, हे मान्य. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आवाज म्हणजे वेगळं कार्ड विकत घेऊन बसवण्याची गोष्ट होती. त्या कार्डाला 220 हा पोर्ट द्यायचा, इंटरप्ट 5 किंवा 7 द्यायचा. 7 वर बऱ्याचदा प्रिंटर आधीच ऐसपैस बसलेला. लोकलमधल्या चौथ्या सीटवरून होत नाहीत एवढी भांडणं त्या 7 वरून होत. तेव्हा आकड्यांवर आणि ड्रायव्हरवर संशय घेणं रास्तच होतं. पुढे इंटेलने 1997 मध्ये एसी 97 आणि 2004 मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली, आणि आवाज मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये येऊन बसला. ही चिप बहुतेक बोर्डांवर तैवानच्या रिअलटेकची असते. त्या कंपनीचं बोधचिन्ह खेकडा. तिचा खास ड्रायव्हर नसला, तरी विंडोज सहसा आपल्या पदरचा एक साधा ड्रायव्हर बसवून आवाज काढून देतं. म्हणजे भांडणाचं कारण केव्हाच संपलं, पण आरोपी तोच राहिला.

मग आवाज जातो कुठे? पहिला संशयित मॉनिटर. एचडीएमआयची केबल चित्राबरोबर आवाजही नेते, आणि ग्राफिक्स कार्डाचा आवाजाचा स्वतंत्र संसार असतो. त्याचा ड्रायव्हर बसला की विंडोजच्या यादीत मॉनिटरचंही नाव येतं, आणि पुष्कळदा विंडोज त्यालाच मुख्य धरतं. बऱ्याच मॉनिटरांना तोंडच नसतं. काहींना मागे हेडफोनचं एक भोक असतं; सगळी गाणी तिथपर्यंत येऊन थांबतात. याचा पुरावा साधा आहे. साउंडच्या यादीत प्रत्येक नावाशेजारी एक पट्टी असते. गाणं लावल्यावर मॉनिटरसमोरची पट्टी हिरवी होऊन नाचत असेल, तर खटला तिथेच निकालात निघाला. रिअलटेकसमोरची पट्टी नाचत असेल आणि तरीही शांतता असेल, तर टेबलाखाली वाका. मागच्या हिरव्या भोकात घालायची पिन शेजारच्या गुलाबी भोकातही तितक्याच प्रेमाने बसते. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर आणखी कावेबाज. जुन्या कॅबिनेटांत तिला एसी 97 आणि एचडी ऑडिओ अशी दोन टोकं असतात. चिप जॅकमध्ये पिन आहे की नाही हे स्वतः ओळखू पाहते. चुकीचं टोक लावलं, की नसलेला हेडफोन तिला दिसू लागतो किंवा असलेला दिसेनासा होतो.

यावर जाणकार विचारतील, मग ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर आवाज आला तो कसा? येतोच. कारण त्या गडबडीत मशीन रिस्टार्ट होतं, यादी नव्याने मांडली जाते, मुख्य कोण हे पुन्हा ठरतं, आणि कोणीतरी वायर काढून या वेळी नीट खोचतं. श्रेय मात्र शेवटी केलेल्या उपायाला मिळतं. आपल्याकडे तापही असाच उतरतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसत असेल तर? तर मी माघार घेतो. तिथे ड्रायव्हरच दोषी समजा, पण तोही मदरबोर्ड बनवणाऱ्याकडूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमकडून नको. आणि साउंडचं नावच यादीत नसेल, तर बायोसमध्ये ऑडिओ बंद तर नाही ना, एवढं बघा. ‘तयार ब्रँडेडच घ्यायला हवा होता’ हा तिसरा आक्षेप घरातूनच येतो. त्या ब्रँडेडमध्येही बहुधा तोच खेकडा असतो. फरक एवढाच की वायर खोचून, वाजवून बघण्याचा पगार तिथे दुसऱ्या कोणाला मिळालेला असतो.

इतकं ऐकूनही जाणकार हार मानत नाही. तो यूएसबीला लावायचं एक स्वस्त साउंड कार्ड घेऊन येतो. आवाज लागतो, चहा होतो. विंडोजच्या यादीत आता मॉनिटर आणि रिअलटेक यांच्या जोडीला तिसरं नाव आलेलं असतं, आणि पुढचा अपडेट यायचाच आहे.