विमान उडालं, टाका अडला

ओझर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाचे हात आपोआप जुळतात. त्याला अष्टविनायकातला विघ्नहर आठवतो. तो जुन्नरचा. आमचं ओझर निफाड तालुक्यातलं, बाणगंगेकाठचं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं. खूण सांगायची तर ‘ओझर मिग’. विघ्नं आमच्याकडेही येतात, हर्त्याची नेमणूक तेवढी राहिलीय. सध्याचं विघ्न क्रोशाच्या सुईच्या टोकाला अडकलंय आणि तिथून हलायला तयार नाही.

आधी गावाची लायकी सांगतो, म्हणजे नामुष्कीचा अंदाज येईल. १९६४ मध्ये इथे मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला. कामाची वाटणी अशी की विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. रशियन कागदपत्रं उलगडत आमच्या माणसांनी मिग-२१ उभी केली, मग मिग-२७, आणि २००० सालच्या करारानंतर दोनशेच्या वर सुखोई-३०. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, आणि महिना पुरा व्हायच्या आत, १७ ऑक्टोबरला, इथल्याच कारखान्यात जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरच्या धावपट्टीवरून उडालं. अशा या गावात, विमानाच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरतात अशा घरात, एक वहिनी मोबाईल लोकरीच्या गुंड्याला टेकवून बसल्या आहेत आणि त्यांना बुलियन टाका जमत नाहीये.

आता हा बुलियन काय ते सांगायला हवं, कारण अर्धा वाचकवर्ग सोन्याच्या भावाचं पान उघडायला गेला असेल. साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्या भांडवलावर आपल्याकडच्या बायकांनी दोन पिढ्या तोरणं, टीपॉयचे रुमाल आणि टीव्हीची झाकणं विणली; रुखवतात मांडली आणि मग लोखंडी ट्रंकेत घालून ठेवली. बुलियन त्याच्या पुढची पायरी. सुईवर दोऱ्याचे सात ते दहा वेढे घ्यायचे, सुई खालच्या टाक्यात घालून दोरा वर ओढायचा, आणि मग आणखी एकदा दोरा घेऊन तो एका दमात सगळ्या वेढ्यांतून आरपार काढायचा. जमलं तर वळवटासारखा गोल, भरीव टाका उभा राहतो. नाही जमलं तर सुईचा आकडा चौथ्या-पाचव्या वेढ्यात रुततो आणि मग ना पुढे, ना मागे.

यात वहिनींच्या बोटांचा दोष कमी आणि सुईचा जास्त. बऱ्याच सुयांचा गळा आकड्याखाली निमुळता असतो. त्या निमुळत्या भागावर घेतलेले वेढे लहान होतात, मागे दांड्यावर घेतलेले मोठे. मोठ्यांतून आकडा जाईलही, लहानांतून जात नाही. म्हणून गळा फार निमुळता नसलेली, सरळ दांड्याची सुई घ्यावी. वेढे दांड्यावर आणि सैल घ्यावेत. ओढताना ते अंगठा आणि तर्जनीत धरून ठेवावेत. आकड्याचं तोंड खाली वळवून सुई काढावी. झालं. चार वाक्यांत आटोपलं, आणि म्हणूनच कुणी सांगत नाही. चार वाक्यांचा व्हिडिओ होत नाही ना!

व्हिडिओ बावीस मिनिटांचा असतो. पहिली तीन मिनिटं स्वागतात जातात. मग चॅनलला नवीन असाल तर काय करायचं ते येतं, घंटेचं बटण येतं, मागच्या व्हिडिओला दिलेल्या भरभरून प्रेमाबद्दल आभार येतात. मग लोकरीचा रंग सांगितला जातो, जो दिसतच असतो. मग साखळी. ‘अशी एक साखळी घालायची’ हे अकरा साखळ्यांना अकरा वेळा सांगून होतं. इथवर वहिनींना सगळं येत असतं. मग येतो तो क्षण, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. त्याच क्षणी बाईंचा हात सुईच्या बरोबर समोर येतो. नखांवरचं जांभळं पॉलिश स्पष्ट दिसतं, आकडा दिसत नाही. हात बाजूला होतो तेव्हा टाका तयार असतो, आणि बाई म्हणतात, ‘बघा, किती सोपंय! असंच पुढे करत जायचं.’ पार्श्वसंगीत मोठं होतं. पुढच्या तीन ओळी आधीच विणून ठेवलेल्या असतात.

वहिनी हुशार. त्यांनी वेग पाव केला. मग बाईंचा आवाज ताणला गेला, हात सावकाश समोर आला आणि सावकाश बाजूला झाला. टाका तेवढाच अदृश्य राहिला.

याहून भयंकर असते ती जाहिरात. सुईवर नऊ वेढे आहेत, डाव्या हाताच्या चिमटीत ते धरलेत, उजव्या हातात सुई आहे, दोरा करंगळीभोवती ताणलेला आहे आणि नेमकी तेव्हा पडद्यावर टाइल्सची जाहिरात सुरू होते. ती बंद करायला बोट हवं. बोट शिल्लक नाही. वहिनी नाकाने पडदा दाबतात. नाकाने जाहिरात जात नाही, उघडते. मग त्या चांदवड ते पिंपळगाव परिसरातल्या टाइल्सच्या सवलती निमूट ऐकतात, तोवर चिमटीतले वेढे एकेक करून निसटतात.

शेजारचे काका कारखान्यातून निवृत्त झालेले, तपासणी विभागात जन्म गेला. ते हे सगळं झोपाळ्यावरून बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘वहिनी, ड्रॉइंग कुठंय?’

काकांचा प्रश्न रास्त होता. क्रोशाला ड्रॉइंग असतं. साखळीला छोटा लंबगोल, खांबाला आडवी रेघ मारलेला टी, टाक्याटाक्याला चिन्ह. जपानने तर विणकामाच्या चिन्हांचं औद्योगिक मानक ठरवून टाकलंय. भाषा न येणाऱ्यालाही एका पानावर सबंध रुमाल दिसतो. घोळही टळतो, कारण ब्रिटिश पुस्तकातला ‘डबल’ अमेरिकेत ‘सिंगल’ असतो आणि कुठल्या देशाच्या बाई बोलताहेत ते न बघता विणलं तर कानटोपीचा टेबलक्लॉथ होतो. काकांच्या मते असं दोन मापांत काम झालं असतं तर मिग धावपट्टीवरून निघून थेट द्राक्षाच्या मांडवात गेलं असतं. पण पानाला लाईक मिळत नाहीत आणि पानामध्ये जाहिरात घुसवता येत नाही. त्यामुळे जे एका पानात मावतं ते बावीस मिनिटांत भरलं जातं, आणि त्याला आपण ज्ञानाचा महापूर म्हणतो.

काकांनी मग तंत्रज्ञान हस्तांतरणाचे टप्पे समजावले. सुखोईचं उदाहरण घेतलं. आधी विमानं तयार आली. मग सुटे भाग येऊन इथे जोडणी झाली. पुढे कच्च्या मालापासून भाग इथेच घडू लागले. प्रत्येक टप्प्याला देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने शेजारी उभं राहून काम केलं, चूक झाली की भाग बाद झाला. ‘तुमचा व्हिडिओ,’ काका म्हणाले, ‘पहिल्या टप्प्यावरच आहे. तयार विमान दाखवतो आणि टाळ्या घेतो.’

बाजाराने दुसरा टप्पाही शोधून काढलाय. आता किट मिळतं. लोकर, सुई, डोळ्यांचे मणी, आणि काही किटमध्ये तर सुरुवातीचे अवघड फेरे आधीच विणून दिलेले असतात. उरलेले तुम्ही घालायचे आणि ‘मी विणलं’ म्हणून फोटो टाकायचा. याला आमच्याकडे जोडणी म्हणतात, उत्पादन म्हणत नाहीत.

गंमत अशी की ज्या गावाने एवढी यंत्रं चालवली, त्याला यंत्राने इथे मदत करायची सोय नाही. स्वेटर मशीनवर होतो. पण खरा क्रोशा कारखान्यात विणणारं मशीन अजून बाजारात आलेलं नाही. ‘क्रोशे मशीन’ नावाची जी यंत्रं असतात ती वेगळ्याच जातीची जाळी काढतात. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तात टांगलेला क्रोशाचा टॉप कुणीतरी हातानेच विणलेला असतो. त्या हाताला काय मिळालं असेल ते किमतीच्या चिठ्ठीवर छापत नाहीत. यंत्राने मात्र दुसऱ्या बाजूने सूड उगवलाय. त्याला क्रोशा विणता येत नाही, म्हणून एआय होऊन ते क्रोशाचे फोटो बनवतं. मोरपिसाऱ्याची शाल, माणसाएवढी मांजर. वहिनींनी तसा एक फोटो जपून ठेवलाय आणि त्यातला टाका शोधताहेत. तो टाका पृथ्वीतलावर कुणाच्याच हातून निघालेला नाही.

इतकं सगळं करण्यापेक्षा गावठाणातल्या आत्याबाईंकडे का गेल्या नाहीत, असं कुणी विचारेल. त्यालाही कारण आहे. आत्याबाईंना बुलियन येतो, झोपेत येतो. पण त्यांची शिकवण्याची तऱ्हा व्हिडिओपेक्षा वाईट. ‘बघ, असं,’ म्हणतात आणि टाका झालेला असतो. त्यांना वेग कमी करता येत नाही, मागे नेता येत नाही. ‘कसं?’ विचारलं तर ‘हाताला बसतं गं,’ एवढंच उत्तर. शिवाय मोबदला द्यावा लागतो: दोन कप चहा आणि सुनेविषयीची तक्रार. ज्ञान दाबून ठेवण्याची ही रीत आपल्यापुरती नाही. एकोणिसाव्या शतकात बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या बायका क्रोशाच्या लेसवर जगल्या, आणि त्यांच्याकडेही घराघराचा नमुना पदराआड ठेवला जाई, असं सांगतात. पोटाचा प्रश्न होता, समजू शकतो. आत्याबाईंचा प्रश्न मानाचा आहे. बायका व्हिडिओकडे पळाल्या त्या काही उगाच नाही.

तरी आत्याबाईंकडे एक गोष्ट आहे जी कुठल्याच चॅनलवर नाही. परवा त्या वहिनींकडे हळदीकुंकवाला आल्या. खुर्चीवरची वहिनींची अर्धवट कानटोपी उचलली, चष्मा लावला, पाचव्या ओळीवर नख टेकवलं आणि म्हणाल्या, ‘उसव.’ वहिनी म्हणाल्या, ‘अहो आत्या, पुढच्या नऊ ओळी झाल्यात.’ आत्याबाईंनी तोवर दोरा ओढलासुद्धा होता. नऊ ओळी मांडीवर कुरळ्या होऊन पडल्या. मग त्यांनी वहिनींची बोटं धरली, वेढ्यांवर अंगठा ठेवायला लावला आणि सुईचं तोंड खाली वळवलं. सुई सुटली. काका झोपाळ्यावरून म्हणाले, ‘हे बघा, याला तपासणी म्हणतात.’

व्हिडिओतल्या बाईंना वहिनींचा टाका दिसत नाही. दिसला असता तरी त्या ‘खूप सुंदर झालंय’ म्हणाल्या असत्या, कारण नाराज माणूस चॅनल सोडून जातो. जो सगळ्यांना शाबासकी देतो त्याच्याकडून विमान घ्यायची तुमची तयारी आहे का? मग टाका का घेता?

दरवर्षी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की ‘निफाड गारठलं’ अशी बातमी येते आणि आमच्या तालुक्यात कानटोप्यांची चणचण भासते. द्राक्षं उतरेपर्यंत ऊन येतं आणि अर्धवट कानटोप्या ट्रंकेत जातात. ही राष्ट्रीय हानी थांबावी म्हणून काकांनी वहिनी आणि आत्याबाई यांच्यात रीतसर तंत्रज्ञान हस्तांतरण करार करायचं ठरवलंय. मसुदा असा:

कलम १. शिकवणी शेजारी बसून होईल.

कलम २. रॉयल्टी म्हणून चहा, आणि सुनेविषयीची तक्रार पूर्ण ऐकणे. ती पाच सेकंदांनी वगळता येणार नाही.

कलम ३. ‘हाताला बसतं’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. कुठलं बोट कुठे, ते सांगावं लागेल.

कलम ४. उसवण्याचा अधिकार आत्याबाईंचा. त्यावर अपील नाही.

कलम ५. व्हिडिओ बघायला हरकत नाही. मात्र मोबाईल आत्याबाईंच्या हातात राहील आणि ‘असंच पुढे करत जायचं’ हे वाक्य येताच बंद होईल.

कलम ६. वाद उद्भवल्यास न्यायक्षेत्र निफाड. सुनावणी डिसेंबरात, पहाटे. दोन्ही पक्षांनी स्वतः विणलेल्या कानटोपीत हजर राहावं.