लक्ष्मीपूजनातील चांदीचे रुपये : मूल्यनिर्णयाच्या काही अडचणी

गोव्यातील साखळी, डिचोली, पेडणे या भागांतील जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत चांदीची जी नाणी सापडतात, त्यांचे मोल ठरविण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत : एक सोनारकाम करणाऱ्या शेटांची, जे नाणे तराजूत टाकून चांदीचा भाव सांगतात, आणि दुसरी घरधन्याची, जो नाण्यावरील साल वाचताच मनातल्या मनात नवी गाडी घेऊन मोकळा होतो. नाणकशास्त्राला, म्हणजे नाण्यांच्या पद्धतशीर अभ्यासाला, या दोन्ही पद्धती अमान्य आहेत. परंतु या शास्त्राचे ऐकून घ्यायला उभय पक्षांना सहसा सवड नसते.

सालावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण राणीछाप रुपयावर टांकसाळींनी १८६२ हे एकच साल १८७४ पर्यंत कायम ठेवले आणि त्यामुळे त्या सालाचे रुपये इतके उदंड झाले, की दीडशे वर्षे उलटूनही संग्राहक त्यांच्याकडे वळून पाहत नाहीत. नुसते वय हा गुण नव्हे, हे सत्य घरातील ज्येष्ठांपुढे मांडताना मात्र भाषा जपून वापरावी लागते. चांदीच्या वजनानेही फारसा उलगडा होत नाही. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर गोव्यासाठी १८८१ पासून पाडलेला ‘रुपिया’ ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. अशा रीतीने दों लुईश हा पोर्तुगालचा कॅथलिक राजा आणि व्हिक्टोरिया राणी एकाच डब्यात राहू लागली आणि दर दिवाळीला दोघांनाही, त्यांची संमती न विचारता, हळदकुंकू वाहिले जाऊ लागले.

खरे मोल दुर्मीळपणात असते, आणि दुर्मीळपणा किती नाणी पाडली यापेक्षा किती वितळली यावर अवलंबून असतो. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला, की लोकांना तो डुक्कर वाटला. गदारोळ झाला, नाणी परत घेऊन वितळविण्यात आली, आणि सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर पडली होती, तेवढ्यांमागे आज संग्राहक धावतात. खोदकाम करणाऱ्याची चूक शंभर वर्षांनी गुण ठरते, असे दुसरे क्षेत्र सहजी आढळत नाही.

अमेरिकेत हाच न्याय अधिक भव्य प्रमाणावर लागू झाला आणि त्याला निमित्त हिंदुस्थान झाला. पहिल्या महायुद्धात येथील लोक नोटांवर विश्वास न ठेवता चांदीचा खणखणीत रुपया मागू लागले, सरकारजवळ चांदी उरली नाही, तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने आपले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळविले, आणि त्यांतील सुमारे २६ कोटींची चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील नाण्यांसाठी विकत घेतली. त्यांत मुख्यतः जॉर्ज मॉर्गन याने आखलेले, ९० टक्के चांदीचे, २६.७३ ग्रॅमचे डॉलर होते. नेमक्या कोणत्या सालांचे किती गेले याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून अमेरिकी संग्राहक अजून तर्क लढवीत असतात. मॉर्गनने त्या डॉलरवरील स्वातंत्र्यदेवीचा चेहरा फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना विल्यम्स या शिक्षिकेवरून घडविला होता. तेव्हा साखळीतील एखाद्या देवघरात १९१९ चा रुपया असेल, तर पंचम जॉर्जच्या दाढीमागे अ‍ॅनाबाई वास्तव्यास असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

इतके वितळूनही जे वाचले, त्याचा निकाल अखेर स्वयंपाकघरात लागतो. हवेतील गंधकामुळे चांदीवर चढणारी काळसर छटा ही नाण्याला कोणी हात न लावल्याची खूण असल्याने संग्राहक तिचे पैसे मोजतात, तर गृहिणी तिला मळ समजून चिंच आणि राखेने दिवाळीपूर्वी घासून काढते, ज्यामुळे चांदी लखलखते, राजाची दाढी झिजते आणि नाण्याचा दर्जा, म्हणजे ते किती झिजले आहे यावरून ठरणारी त्याची श्रेणी, घसरते. माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेल्या नाण्याची किंमत तर बहुधा शेटांच्या तराजूपुरतीच उरते. म्हणून वाचकांस विनंती इतकीच, की पूजेसाठी १९४७ चा अर्ध्या चांदीचा पोर्तुगीज रुपिया किंवा चालू दहाचे नाणे वापरावे आणि १९११ चा रुपया आहे त्या काळपट अवस्थेत कागदात गुंडाळून ठेवावा. लक्ष्मीची त्याला हरकत असल्याचे कोणत्याही ग्रंथात म्हटलेले नाही.