तिथीची पाऊणपट

उत्तर कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात, आणि त्या चार महिन्यांसाठी घरात जे धान्य, जळण आणि किडूकमिडूक भरून ठेवावे लागते त्या बेगमीलाही बोलण्याच्या ओघात आगोटच म्हटले जाते. गोव्यात तिचे नाव पुरुमेंत, हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आणि मे-जूनच्या सांध्यावर मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्ताला तिचा मोठा बाजार भरतो. नाव कोणतेही असो, हिशेब एकच असतो : रोहिणी नक्षत्र लागले, म्हणजे 25 मेचा सुमार आला, की हातात दोन आठवडे उरतात आणि मृग लागला, म्हणजे 7-8 जून उजाडला, की एकही दिवस उरत नाही.

या जुन्या व्यवहाराला अलीकडे एक नवा अभ्यासक लाभला आहे. विद्या मागणारा तो विद्यार्थी, या न्यायाने स्वावलंबन मागत फिरणाऱ्या या नगरवासी प्रवाशाला ‘स्वावलंबनार्थी’ म्हणणे शास्त्रशुद्ध ठरेल. तो बहुधा ठाणे, पुणे किंवा त्यांच्या उपनगरांत आढळतो. संकुलातील लिफ्ट अर्धा तास बंद पडली की त्याला मानवजातीच्या भवितव्याची चिंता वाटू लागते. आणि अलास्कातल्या लाकडी खोपटात राहून बर्फ फोडून मासे पकडणाऱ्या दाढीवाल्यांच्या चित्रफिती पाहून पाहून त्याने ‘ऑफ-ग्रिड’ राहण्याचे, म्हणजे वीज, नळ आणि गॅस यांच्या सामाईक जाळ्यातून अंग काढून घेऊन आपल्यापुरते जगण्याचे, वेड घेतलेले असते. अलास्का रजेत बसत नसल्याने तो दापोली तालुका निवडतो, कारण तेथे त्याच्या मित्राची आजी असते.

मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 पासून चालू असल्याने, आणि रुंद होत असलेला रस्ता हा अरुंद रस्त्याहूनही अरुंद असतो असा सार्वत्रिक अनुभव असल्याने, जाणकार मंडळी श्रीवर्धनावरून बागमांडल्याला उतरतात आणि फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला लागतात. फेरीबोट म्हणजे मोटारी, दुचाक्या, आंब्याच्या पेट्या आणि माणसे यांना एका भाड्यात नसले तरी एका उन्हात उभे करणारे सपाट जहाज होय. या जहाजावर स्वावलंबनार्थी पहिल्यांदा आपले होकायंत्र बाहेर काढतो, आणि समुद्र पश्चिमेला असल्याचे निष्पन्न होते.

केळशीच्या अलीकडच्या वाडीत पोहोचल्यावर त्याची ‘आपत्कालीन पिशवी’ ओटीवर उघडली जाते. तीत अकरा पात्यांचा घडीचा चाकू, गढूळ पाणी गाळून पिण्याची नळी, सूर्यप्रकाशावर चालणारा दिवा, वारा-पाऊस झेलणारी काडेपेटी आणि चाक लावलेली मासेमारीची घडीची काठी अशी सामग्री असते. घरातील सर्व पिढ्या ती कौतुकाने हाताळतात. चाकूची अकरा पाती एकामागून एक उघडून पाहिल्यावर, कमरेच्या लाकडी आकडीत एकच कोयता अडकवून हिंडणारा यजमान एवढेच विचारतो, की यातल्या कशाने नारळ सोलता येतो. आणि बारावे पाते का नाही, याचा विचार स्वावलंबनार्थी प्रथमच करू लागतो.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, आगोटीचे काम ऐन भरात आलेले असते. एकीकडे आंबोशी, म्हणजे मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, वाळत असतात. दुसरीकडे सुकट आणि वाकट्या, म्हणजे बारीक कोळंबीवजा जवळा आणि पट्ट्यांसारखी लांबट मासळी. मधल्या खाटेवर तांदळाच्या फेण्या. फणसाच्या आठळ्या माती लावून कोपऱ्यात रचलेल्या, पुढच्या वर्षीच्या काकडीचे बी राखेत कालवून भिंतीला थापलेले, आणि पडवीत नारळाच्या करवंट्या, सोडणे आणि सुक्या झावळ्या आढ्यापर्यंत भिडलेल्या. पाहुण्याला रिकामे बसवणे शिष्टाचाराला धरून नसल्याने त्याला कावळे राखण्याचे काम मिळते. हे पद परंपरेने सात वर्षांखालील किंवा सत्तरीपुढील व्यक्तीकडे असते, हे त्याला कोणी सांगत नाही. तो अभियंता असल्यामुळे हाताने हुसकावण्याऐवजी चकचकीत चकत्या दोरीला टांगून एक यंत्रणा उभारतो, आणि शेवटची गाठ मारण्यात तो गुंतलेला असताना दोन कावळे एक वाकटी दोन्ही टोकांना धरून यंत्रणेखालूनच नेतात. आजी काठीला एक काळे फडके बांधते आणि काठी खळ्याच्या मधोमध रोवते. कावळे समोरच्या फणसावर बसून फडक्याचा निषेध करतात.

आमसुलांचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. रातांबा हे कोकमाचे फळ. ते फोडून बी-गर काढून टाकायचा, साल उन्हात घालायची, संध्याकाळी ती त्याच फळाच्या खारवलेल्या रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात, आणि असे पाच-सात दिवस चालवायचे, म्हणजे लाल साल हळूहळू काळपट, चिवट आणि वर्षभर टिकाऊ होते. या पाच-सात दिवसांत पाऊस आला तर बुरशी येते, आणि वर्षभराची सोलकढी त्या एका सरीत वाहून जाते. स्वावलंबनार्थ्याच्या मोबाइलवरील अंदाज त्या दिवशी ‘निरभ्र’ असे सांगत असतो. आजी परडीतली एक साल बोटांनी दाबून पाहते, दक्षिणेकडून आलेला वारा नाकाने ओळखते आणि म्हणते, “अरे, ते यंत्र राहू दे. सुपे आत घे आधी.” पाऊस येत नाही. मोबाइलचा विजय झाला असे पाहुणा मोठेपणाने सुचवतो. त्यावर आजीचे उत्तर असे, की आत घेतलेले बाहेर काढता येते, भिजलेले सुकवता येत नाही. आपत्तिव्यवस्थापनाच्या जाडजूड ग्रंथांना हे सांगायला एक प्रकरण लागते.

मासेमारीचा अध्याय मात्र पाहुण्याने स्वतःहून उघडलेला असतो. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी बाराला, तो घडीची काठी घेऊन केळशीच्या खाडीवर, म्हणजे भारजा नदी समुद्राला मिळते तेथे, जाऊन उभा राहतो. ती ज्येष्ठ शुद्ध अष्टमी असते. समुद्राच्या भरतीचा काळ पंचांगावरून काढण्याचा किनाऱ्यावरील सर्वमान्य नियम असा, की चालू तिथीची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. सुमारे साडेबारा तासांनी दुसरी. आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ हे गणित अर्ध्यापाऊण तासाने चुकते, पण गळ टाकणाऱ्याला तेवढी चूक परवडते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ठणठणीत ओहोटी बाराला. त्यातही अष्टमीला ‘भांग’ असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या ‘उधाणा’ला सूर्य-चंद्राचे ओढणे एका रेषेत येऊन पाणी जोरात चढते-उतरते, तर भांगाला ती दोन ओढणी काटकोनात पडल्याने पाणी आळसावते. थोडक्यात, पाहुण्याने महिन्यातील सर्वांत मरगळलेल्या पाण्यातील सर्वांत कोरडी वेळ अचूक निवडलेली असते. पाग, म्हणजे फेकायचे गोल जाळे, खांद्यावर टाकून घरी परतणारा एक वृद्ध क्षणभर थांबतो आणि पुसतो, “काय दादा, वाळू धरताय?”

संध्याकाळी ओटीवर आजी त्याला पाऊणकी शिकवते. पावकी, निमकी आणि पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी मराठी शाळांत घोकून घेत. ते का घोकून घेत, याचे एक तरी समाधानकारक कारण या किनाऱ्यावर सापडते. आठ पाऊण सहा, असे आजी म्हणते आणि सहाच्या भरतीला पाग घेऊन गेलेला नातू चार बोयटे घेऊन येतो. पाहुण्याच्या काठीला अद्याप फक्त एक खेकडा लागलेला असतो, तोही गळाला नव्हे, चाकाला.

हर्णैच्या बंदरावर एक फेरी होते. एरवी तेथे खोल पाण्यात उभ्या नौकांतील मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते आणि लिलावाचा ओरडा सुवर्णदुर्गापर्यंत जात असावा असे वाटते. पण जूनच्या पहिल्या तारखेपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने आता नौका वर ओढून झापांनी शाकारण्याचे काम चालू असते. शाकारणे हे क्रियापद घराला आणि होडीला एकच लागते, यात कोकणचे सगळे स्थापत्यशास्त्र आले. सुक्या सोड्यांचा, म्हणजे सोलून वाळवलेल्या कोळंबीचा, भाव ऐकून स्वावलंबनार्थ्याला स्वावलंबन हे दरमहा पगार असणाऱ्यांनीच करावे, असे मनोमन वाटते. ते फारसे चूकही नाही. स्वयंपूर्ण म्हणून तो ज्या घराकडे बोट दाखवतो त्या घरात मीठ मिठागरातून, मिरची घाटावरून, चहा-साखर दुकानातून आणि या सर्वांचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून मनीऑर्डरीने आलेले असतात. गिरणीतल्या मुलाच्या पाळ्यांवर गावातली कणगी भरे, ही गोष्ट लाकडी खोपटांच्या चित्रफितींत सहसा येत नाही.

जाळ्यातून अंग काढून घेण्याच्या प्रश्नावर गावाचे मत निराळे आहे. येथे ग्राहकाला जाळे सोडावे लागत नाही, जाळेच ग्राहकाला सोडते. पहिल्या वळवाबरोबर ‘डीओ’, म्हणजे रोहित्रावरचा फ्यूज, उडतो आणि काळोख होतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा या पट्ट्यात नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरेही मुके होते. पंप बसवलेल्या विहिरींत पाणी काठोकाठ दिसे, वर मात्र येत नसे. ज्याने जुनी कप्पी आणि दोर भंगारात दिले नव्हते तो एकाएकी वाडीतला प्रतिष्ठित मनुष्य ठरला. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, वाड्यांत मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभा सच्छिद्र असून पाणी धरून ठेवण्याचा त्याचा स्वभाव नाही. पाहुण्याच्या गाळणनळीला गढूळ पाणी लागते. मे महिन्यात गढूळही मिळत नाही. त्याचा सौरदिवा मृगाचे ढग आल्याच्या दुसऱ्या रात्री मिणमिणतो आणि तिसऱ्या रात्री विझतो, तेव्हा आजी कोनाड्यातून चिमणी काढते. रॉकेल आता शिधापत्रिकेवर दुर्मीळ झाल्याने तीत थेंबभरच असते. उंडीच्या बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळत, अशी माहिती ती देते आणि तेवढ्यात चिमणीही विझते.

पाऊस मृगाच्या पहिल्या रात्री येतो आणि त्याच्याबरोबर चढणीचे मासे. नदी-ओढ्यांतील खवळे, मळये, मरळ आणि वाम पहिल्या लोंढ्याच्या उलट पोहत भाताच्या खाचरांत अंडी घालायला चढतात, या चढाईला रायगड-ठाण्याकडे वलगण म्हणतात. बांधाच्या तोंडाशी बांबूची खोइण, म्हणजे आत शिरलेला मासा बाहेर न पडू देणारी निमुळती टोपली, लावतात. कोणी कोयत्यानेच वार करतो. गाभोळीने भरलेली मादीच नेमकी हाती लागत असल्याने पुढल्या वर्षीचा मासा यंदाच्या कालवणात जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि जिभेपुढे कोणी बोलत नाही. अलीकडे ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकणारे महाभाग निघाले आहेत. त्यांच्यावर मात्र आजी शिव्यांची पाऊणकी म्हणते.

स्वावलंबनार्थी या रात्री गुडघाभर पाण्यात बॅटरी धरून उभा असतो. त्याच्या पायाला काही तरी घासून जाते आणि तो मोठ्याने ओरडतो. ओरडण्यात बॅटरी पडते, बॅटरी पडल्याने इतर चौघांना काही दिसेनासे होते, आणि त्या गोंधळात चाचपडणाऱ्या त्याच्याच हातात एक शेंगटी सापडते. ती काटा मारते. त्यावर आलेल्या सुजेवर हळद आणि हशा यांचा लेप दिला जातो, आणि कालवणात पहिली तुकडी त्याच्याच पानात पडते.

ज्येष्ठ वद्य पंचमीला तो निघतो. त्याच्या पिशवीत आता आमसुले, आंबोशी, शेरभर सुकट आणि तिचा वास दाबण्यासाठी बांधलेली सात कागदांची पुडकी असतात. एसटीच्या थांब्यावर, खाडीच्या पुलाशी, पिशवी मागच्या आसनावर ठेवून तो गाडी सुटेपर्यंत पाय मोकळे करायला खाली उतरतो. तोच पागवाला वृद्ध पलीकडून येत असतो. त्याला पाहताच स्वावलंबनार्थी बोटे मोजू लागतो, पाच पाऊण पावणेचार, आणि खाडीकडे बोट करून गंभीरपणे सांगतो, की भरती पावणेचारला, अजून पंधरा मिनिटे आहेत. वृद्ध पाण्याकडे पाहतो, आकाशाकडे पाहतो आणि मान डोलावून म्हणतो, “बरोबर हाय. पण गाडी साडेतीनची हाय.” स्वावलंबनार्थी वळून पाहतो तेव्हा, त्या पंधरवड्यात प्रथमच वेळेवर सुटलेली गाडी त्याची आपत्कालीन पिशवी घेऊन दापोलीच्या वळणाआड गेलेली असते.