बिलाच्या तळाशी राहणाऱ्या बचतबाईंना

सौ. बचतबाई यांस,
मु. पो. बिलाचा तळ, 'धन्यवाद, पुन्हा या'च्या वरची ओळ.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला हिशेब आता मिटवून टाकावा म्हणते. चपलांच्या दुकानातून मी बाहेर पडते तेव्हा बिलाच्या शेवटी 'आज तुमची बचत' असं लिहून तुमचा आकडा छापलेला असतो. कधी सातशे, कधी पंधराशे, दिवाळीच्या आगेमागे त्याहून घसघशीत. ही बिलं मी एकूण एक जपली आहेत. (थर्मल कागदावरची असल्याने बरीचशी आता पांढरीफटक पडली आहेत, पण तेवढ्यावर तुम्ही हात वर करू नयेत.) माझ्या नावावर साठत आलेली ही रक्कम मला आता हवी आहे, स्वयंपाकघरातला ओटा बदलायचा आहे. बँकेत चौकशी केली, तिथे तुमचं नाव कुणी ऐकलेलं नाही. ह्यांना विचारलं, तर ते पेपर तोंडापुढे धरून बराच वेळ गदगदत राहिले. म्हणून हे जाहीर पत्र.

आधी एक गैरसमज दूर करते. आमच्या घरात माझ्या चपलाखरेदीला 'नाद' म्हणतात. नाद असता तर मी चांगल्या, महागाच्या चपला घेतल्या नसत्या का? पूर्ण किमतीची जोडी मी आजवर घेतलेली नाही. इतर लोक चप्पल तुटली की दुकानात जातात; मी पाटी लागली की जाते. चपलेची खरी गरज असते तेव्हा तर मी तिकडे फिरकतसुद्धा नाही, कारण गरजेच्या वेळी नेमका सेल नसतो.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात आपली वारंवार गाठ पडते. नाव घेत नाही, उगाच गर्दी व्हायची. काचेवर लाल अक्षरांत '५०% सूट', आणि त्याच्या डोक्यावर चष्मा लावल्याशिवाय न दिसणारं 'अपटू'. आत टेबलावर नुसते उजव्या पायाचे जोडे मांडलेले. एक पसंत पडला की सेल्समन माळ्याकडे तोंड करून ओरडतो, "सहाची जोडी सोड!" एरवी छताच्या चौकोनी भोकातून खोका खाली येतो आणि खालचा पोरगा न बघता झेलतो. सेलच्या दिवसांत मात्र वरून खोक्याऐवजी नुसता आवाज येतो, "सहा संपला! पाच आहे, आठ आहे!" याला धंद्यात कट साइज म्हणतात. मधले खपाचे नंबर गेले, कडेचे उरले, आणि तुमचा मुक्काम नेमका त्या कडेच्या नंबरांत. पाच घालून पाहिला तर तो म्हणतो, "दोन दिवस घाला ताई, सैल होईल." आठ घातला तर तोच म्हणतो, "आत सोल टाकून देतो." थोडक्यात, मला न होणारी चप्पल त्या दुकानात नाहीच. शिवाय एका नंबराचा फरक असतो जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा. तुमच्या पंधराशे रुपयांपुढे साडेआठ मिलिमीटरची काय मातब्बरी?

मग दोन्ही बूट दोऱ्याने एकमेकांना बांधलेले असताना मी दावं लावलेल्या गाईसारखी तोकडी पावलं टाकत आरशापर्यंत जाते. हा आरसा जमिनीलगत, तिरका ठेवलेला. त्यात माणूस घोट्यापर्यंतच दिसतो, आणि घोट्यापर्यंत सगळीच माणसं बरी दिसतात. सौदा तिथेच पक्का होतो.

तुमचं माहेर मला ठाऊक आहे, बाई. खोक्यावरची छापील किंमत. कायद्याने ती छापावीच लागते, आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. कमी घ्यायला मात्र मुभा आहे. खोक्यावर २९९९ छापून जोडी १४९९ ला विकली की तुम्ही पंधराशेच्या होऊन जन्माला येता. त्याच जोडीवर १९९९ छापले असते तर पाचशेच्या झाला असतात. चपलेत काडीचा फरक पडला नसता. २९९९ मोजून ती जोडी नेणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

घराणं तसं जुनं. बाटाच्या किमतींच्या शेवटी पंचाण्णव पैसे असायचे, आणि आमचे वडील ते वाचून समाधानाने "शंभराच्या आत आहे" म्हणायचे. ते पाच पैसे हे तुमचं बाळरूप. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, तेव्हा तेवढे मी सोडून देते. पुढे आली ९९९. तिच्या डोक्यावर करखात्याचाही हात होता, कारण हजारापर्यंतच्या जोडीला जीएसटी कमी आणि हजारावर गेलं की १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेघ अडीच हजारांवर सरकली, आणि तिच्या आत ५ टक्के. परवा २४९९ ची पाटी बघून माझ्या तोंडून "आवाक्यात आहे" निघालं, ते त्यामुळेच.

आता तक्रार. भाच्याच्या साखरपुड्यासाठी मी माळ्यावरून एक जोडी काढली. तुमच्यासकट घेतलेली, एकदाही न घातलेली, पुढच्या टोकात कागदाचा बोळा अजून तसाच. हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि मागून वन्सं म्हणाल्या, "अगं, हे काय सांडतंय?" पाहते तर दारापासून स्टेजपर्यंत काळ्या चुऱ्याची रांग. पेढे देऊन परतेपर्यंत एक टाच गेली, आणि फोटोला उभी राहिले तेव्हा मी डावीकडे दीड इंच उंच होते. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चांभारदादांनी सोल अंगठ्याने दाबला, चुरा फुंकला आणि म्हणाले, "ताई, टाका घालू कुठे? धरायला काही उरलंच नाही." हा म्हणे पॉलियुरेथेनचा गुण. हवेतला ओलावा त्याला आतून तोडत राहतो, चप्पल घाला किंवा न घाला. आमचा पावसाळा आणि बंद माळा त्याला चांगलाच मानवतो. गंमत म्हणजे कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी माल बनला हेही खोक्यावर छापलेलं असतं, किमतीच्या शेजारीच. सेलचा माल बहुतेक वेळा गोदामात मुरलेला असतो, त्यामुळे ती ओळ वाचण्याजोगी असते. माझी नजर तिथे कधी गेली नाही, याला तुम्ही जबाबदार. तुम्ही मोठ्या अक्षरांत होतात.

एका ठिकाणी मात्र तुमची गाठ पडली नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एका कारागिराने जोडी पुढे ठेवली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा एकही नाही, शिवण कातड्याच्याच वादीची. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कामाला. तळव्याला लागली ती अशी, की जणू माझंच माप घेऊन शिवली असावी. पण खोका नव्हता, छापील किंमत नव्हती, बिलाला तळ नव्हता. त्याने सांगितला तो भाव खरा होता, आणि खऱ्या भावातून तुम्ही कुठून निघणार? मी दोनशे कमी करा म्हटलं, त्याने तीस केले, मी "महाग आहे" म्हणून उठले. पुढे २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला मिरवल्या, तेव्हा आमच्या कोल्हापुरीवर डल्ला मारला म्हणून मी सगळ्या ग्रुपांवर आग ओकले. त्या वेळी माझ्या पायात रेक्झिनची, लांबून कोल्हापुरीसारखी दिसणारी, निम्म्या किमतीत मिळालेली जोडी होती.

तर रकमेचं काय ते कळवा. रोख देणं जमत नसेल तर एक व्यवहार सुचवते. माझ्या माळ्यावरच्या जोड्या छापील किमतीच्या आहेत, असं तुम्हीच दरवेळी लेखी दिलेलं आहे. त्या तुम्ही छापील किमतीला घेऊन टाका. ओळखीखातर पन्नास टक्के सूट देईन, म्हणजे तुमचीही बचत होईल. एकावर एक फुकट मागू नये. गेलेला माल परत घेतला जाणार नाही. नंबर पाच आणि आठ आहेत. पाच दोन दिवस घातला की सैल होईल.

आपली ठेवीदार,
माप नं. ६