ग्रिलवैद्य

शिकागोच्या वायव्येला शॉमबर्ग, पॅलटाइन, हॉफमन इस्टेट्स अशी उपनगरं आहेत. तिथे मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी पन्नाशीचा मराठी गृहस्थ गाडी अगदी हळू चालवताना आणि लोकांच्या ड्राइव्हवेकडे टक लावून बघताना दिसला, तर पोलिसांना फोन करू नये. तो घर फोडायला आलेला नाही. तो ग्रिलवैद्य आहे. गराज सेलमध्ये कुणी जुनी वेबर ग्रिल काढलीय का, एवढंच तो बघतोय.

होम डेपोच्या दारात उन्हाळ्याच्या तोंडावर नव्याकोऱ्या ग्रिल ओळीने मांडलेल्या असतात. त्यांच्याकडे तो ढुंकून बघत नाही. नव्या वस्तूत दुखणं नसतं, मग तिचं करायचं काय? त्याचा जीव जडलेला असतो परफॉर्मर नावाच्या मॉडेलवर, तेही जुन्या. साडेबावीस इंची गोल शेगडी, घुमटासारखं झाकण, बाजूला टेबल, खाली चाकं. आणि खरी मेख पुढेच: एक बटण, आणि एक पौंडाची प्रोपेनची बाटली. शेगडी कोळशाचीच, पण कोळसा पेटवायला खालून गॅसची ज्योत. बटण दाबायचं, चारपाच मिनिटांत कोळशांनी धग धरली की गॅस बंद करायचा आणि पुढचा सगळा स्वयंपाक निखाऱ्यांवर.

“गॅस आहे तर गॅसवरच का नाही भाजायचं?” असं बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“चव!” असं त्याचं एकशब्दी उत्तर आलं. त्यानंतर तो विषय त्या घरात निघालेला नाही.

विकणारा बहुधा निवृत्त गोरा आजोबा असतो. तो प्रामाणिकपणे सांगतो, “उत्तम चालते, फक्त इग्निशन लागत नाही.” ‘फक्त’ म्हणताच ग्रिलवैद्याचे डोळे चमकतात. तरी तो चेहरा पाडून घेतो. शेगडीभोवती दोन फेऱ्या मारतो, झाकण उचलून आत बघतो, “च्च” करतो. तुळशीबागेत आईच्या मागे पिशव्या धरून उभं राहिल्याचा हा फायदा. हवेच्या झडपेवर कोरलेल्या अक्षरावरून शेगडी कोणत्या साली बनली ते कळतं. ते अक्षर त्याने विकणाऱ्याच्या नकळत वाचलेलं असतं आणि मनात वर्ष लावून झालेलं असतं. चाळीस डॉलरची शेगडी तीसला मिळते. मग तिला मिनीव्हॅनमध्ये चढवायचं. एक बाजू त्याने धरलेली, दुसरी बायकोने, आणि अशा ऐन भाराच्या क्षणी त्याला इतिहास सांगायची हुक्की येते.

१९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. उघड्या ग्रिलवर वाऱ्यापावसाने मांस बिघडतं म्हणून वैतागलेल्या स्टीफनने बोयाचा एक अर्धगोल खाली घेतला आणि दुसरा झाकण म्हणून वर ठेवला. झाकलं की आग विझे. तेव्हा शेजाऱ्याने सुचवलं की झाकणाला भोकं पाड, हवा मिळू दे. ही गोष्ट ग्रिलवैद्य अशा अभिमानाने सांगतो की स्टीफनसाहेब ह्याच्याच बिल्डिंगमध्ये राहत होते असं वाटावं. “आणि कंपनीचं मुख्य ऑफिस आपल्या पॅलटाइनमध्ये!” बायको म्हणते, “अरे, आधी उचल.”

शेगडी घरी आली की सात दिवस ती गराजमध्ये आणि गाडी बाहेर.

पहिलं निदान बाटलीचं. गॅस शिल्लक आहे का? ते कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. भरलेल्या बाटलीत जवळजवळ अर्धा किलो प्रोपेन असतं. रिकाम्या डब्याचं वजन त्याने वहीत लिहून ठेवलंय. त्यामुळे बाटली थेट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर चढते. “तो काटा मी बेसनाच्या लाडवांसाठी आणलाय!” हा आवाज येईपर्यंत वजनाची नोंद झालेली असते. अशा रिकाम्या बाटल्यांचा त्याच्याकडे साठा आहे. त्या पुन्हा भरून गावभर नेणं अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत बसत नाही, आणि टाकवत तर नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२८ पासून अशा एकदाच वापरायच्या बाटल्यांची विक्री बंद करायचा कायदा केलाय. राहतो इलिनॉयमध्ये, पण त्या कायद्यावर त्याचं मत ठाम आहे आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

मग ठिणगी. ती दिवसा दिसत नाही. म्हणून रात्री नऊला, दिवे घालवून, थंड शेगडीत डोकं घालून तो बसतो आणि बटण दाबतो. खट्. पुन्हा खट्. कॉलेजात शिकणारा मुलगा मित्राला घेऊन येतो, बापाचं अर्धं अंग शेगडीत बघतो आणि काही न बोलता मागच्या दाराने निघून जातो. आत मात्र विज्ञान चालू आहे. बटणामागे छोटा हातोडा आणि एक स्फटिकासारखा सिरॅमिकचा तुकडा असतो. त्यावर आघात झाला की क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. दाबाने वीज देणाऱ्या स्फटिकांचा हा गुण जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला. सांगलीला आईच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेला गॅसचा लायटर नेमका ह्याच तत्त्वावर चालतो. चहा करताना तीस वर्षं क्युरी बंधूंचा प्रयोग करतेय, हे त्या माउलीला मुलाने फोनवर सांगितलं. तिने विचारलं, “जेवलास का?”

आवाज येतो पण ठिणगी नाही, ह्याची कारणं तशी ठरलेली. तार निसटलेली असते. नाहीतर टोकाभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा गेलेला असतो आणि ठिणगी भलत्याच ठिकाणी जवळच्या धातूवर उडी मारून मोकळी होते. नाहीतर टोकावर राख आणि चरबीचा थर बसलेला असतो. ग्रिलवैद्य शेवटचं कारण पहिल्यांदा तपासतो, कारण त्यात पॉलिश पेपर वापरायला मिळतो. घासून, पुसून, टोक नि नळीतलं अंतर काडेपेटीच्या काडीने मापून तो पुन्हा बटण दाबतो. निळी रेघ लखकन उमटते.

“आली! आली!”

“कोण आलं?” वरून बायको.

ठिणगी आली तरी ज्योत येत नाही. इथे हौशे गळतात आणि खरा वैद्य उरतो. बर्नरच्या नळीत गॅसबरोबर हवा मिसळायला तोंड मोकळं ठेवलेलं असतं, आणि ते तोंड कोळ्यांना फार आवडतं. ही थट्टा नव्हे. २०११ साली माझ्दा कंपनीने अमेरिकेत पन्नास हजारांवर मोटारी परत मागवल्या, कारण पिवळे कोळी इंधनटाकीच्या हवानळीत जाळी विणत होते. ग्रिलवैद्याच्या दृष्टीने हा जगाच्या इतिहासातला मोठा प्रसंग आहे. पार्टीत कुणी गाडीचा विषय काढला की तो तिथे पोचतो.

नळी साफ करायला त्याला हवी होती स्टोव्हची पिन. लहानपणी घासलेटच्या स्टोव्हला घालायची ती, पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली. अमेरिकेत ती मिळेना. मेव्हणा पुण्याहून येणार होता. त्याला बोहरी आळीत पाठवलं. मेव्हण्याने श्रीखंडाच्या डब्यात पिना लपवून आणल्या, कारण कस्टमवाल्यांना त्या कशाच्या आहेत हे समजावणं आपल्याच्याने व्हायचं नाही असं त्याचं म्हणणं. पण पिन हातात आल्यावर ग्रिलवैद्याला संयम पाळावा लागला. गॅस सोडणाऱ्या नोझलच्या बारीक भोकात ती खुपसायची नसते. भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत भडकते. तेव्हा पिन फक्त बर्नरच्या भोकांना. नोझल फुंकून साफ केलं. ज्योत अखेर पेटली ती पिवळी, काजळी धरणारी. नळीच्या तोंडाशी अडकलेला उरलासुरला जाळ्याचा गोळा काढला तेव्हा कुठे ती निळी झाली.

ह्या सगळ्या काळात एका गोष्टीची तो गंमत करत नाही. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितल्याशिवाय काडी जवळ आणू देत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड. झाकण लावलेलं असलं तर तो शेगडीच्या तळाशी साचून बसतो. म्हणून पेटवताना झाकण उघडं. पहिल्या काही सेकंदांत पेटलं नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटं तो घड्याळ लावून थांबतो. ह्या बाबतीत तरी त्याचं ऐकावं.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटले तेव्हा बायको घाबरली. “रंग निघतोय. तो पोटात जायचा.” त्यावर वेगळं व्याख्यान झालं. आतून रंग नसतोच मुळी. आठशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला काचेसारखा मुलामा असतो. सुटतो तो वर्षानुवर्षांचा धूर आणि चरबीचा थर. खरवडून टाकला की झालं. खरा शत्रू तळाला बसतो: राख. ओल धरली की ती क्षारयुक्त होऊन धातू खाते. राख झाडायची तीन पाती आधीच्या मालकाच्या हातून कायमची चिकटली होती. ती सोडवायला आठवडाभर तेल मुरवावं लागलं. “गोऱ्यांना राख काढायचा कंटाळा,” असा एक सरसकट निष्कर्ष त्याने काढला. शेजारचे आजोबा रोज सकाळी आपली शेगडी झाडतात हे माहीत असूनही काढला.

तेच आजोबा एकदा कुंपणापलीकडून बोलले. त्यांच्या हातात पत्र्याचं एक नळकांडं होतं. वर कोळसा, खाली चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद, एक काडी. पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार. गॅस नाही, बटण नाही, कोळी नाही. आजोबांना वाटलं, गड्याला हे माहीत नसेल. ग्रिलवैद्याने नम्रपणे ऐकलं. तसलं नळकांडं त्याच्या गराजमध्ये फळीवर आहे, न वापरलेलं, लेबलसकट.

चार जुलैला मराठी मंडळातली आठ कुटुंबं आली. तंदुरी चिकन दुसऱ्या कुणी करून आणलं होतं. ग्रिलवैद्याकडे वांगी. विजेच्या शेगडीवर वांगं भाजायचं म्हणजे घरातला धुराचा अलार्म किंचाळतो. म्हणून अमेरिकेतल्या मराठी माणसाला भरताच्या वासासाठी कोळसाच हवा. इथे बायकोचंही त्याच्याशी एकमत आहे. निखाऱ्यांवर वांगी फुगली, सालं करपली, कांदा, कोथिंबीर, दाण्याचं कूट पडलं. पाहुण्यांनी पहिल्या दहा मिनिटांत भरीत संपवलं. बटणाबद्दल कुणीच विचारलं नाही. त्याने दोनदा कारण नसताना झाकण उघडलं, एकदा “बघा हं” म्हणून गॅस लावून दाखवला. पाठीमागून कुणीतरी “भाकरी आहे का अजून?” असं विचारलं.

एका बटणाने पहिल्या दाबाला पेटणारी, दुरुस्त झालेली, निर्दोष शेगडी. तिच्याजवळ उभं राहून करायचं काय हे त्याला सुचेना. तो चिमट्याने निखारे इकडून तिकडे सारू लागला. एवढ्यात मंडळींतले हृदयरोगतज्ज्ञ ताट घेऊन जवळ आले. ह्या डॉक्टरांकडे चार बर्नरची, लखलखत्या स्टीलची गॅस ग्रिल आहे. असल्या ग्रिलला ग्रिलवैद्य इतकी वर्षं “अंगणात आणून ठेवलेला ओटा” म्हणत आलाय. डॉक्टर जरा संकोचाने म्हणाले, “आमच्याकडे एक बर्नर लागत नाहीये हो. म्हणजे बटण दाबलं की...”

“एक मिनिट,” ग्रिलवैद्याने चिमटा खाली ठेवला. “नीट आठवून सांगा. खट् वाजतं, की नुसतं टक्?”

डॉक्टर ताट बाजूला ठेवून आठवू लागले.