काकाजी, गाडी खाप्याला लावा; पण आधी हे वाचा

रा. रा. काकाजी आणि सौ. काकूजी यांस,
मुक्काम : चाकांवर, सध्या बहुधा नागपूर.

सा. न. वि. वि.

प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून तुम्ही घर घेतलंत आणि त्याला चाकं लावून घेतलीत, ही बातमी कळली. अभिनंदन. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास आणि काकूजींचं देवघर, सगळं एका गाडीत मावलं म्हणतात. आता तुम्हाला चिंता पडली आहे की पुन्हा करोनासारखी साथ आली तर हे घर उभं कुठं करायचं. लेकाच्या सोसायटीत पार्किंगचं भांडण. लेकीकडे जावईबुवांचं वर्क फ्रॉम होम. शेवटी तुम्हाला वडिलांचं गाव आठवलं. खाप्याला सहसा लोक असेच, शेवटी आठवतात.

तर या, काकाजी. नागपूरपासून 35 किलोमीटरवर कन्हानच्या उंच काठावर आमचं गाव बसलं आहे. इथली नगरपालिका 1867 ची. विणकरांचं गाव म्हणून नाव होतं, माग आता कमी झाले. जवळच मॉइल कंपनीची गुमगाव खाण आहे. तिथली माणसं जमिनीखाली उतरून मँगनीज काढतात. सांगायचं एवढंच, की गाव बिनकामाचं नाही. निसर्गाच्या सान्निध्यात कॉफीचा मग धरून फोटो काढायचा असेल तर डिसेंबरात या. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा तुमच्या त्या पत्र्याच्या घरात कॉफीला गॅस लागणार नाही.

साथीत कुठं राहावं, याचं एक जुनं उत्तर आपल्याकडे होतं. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कैक वर्षं महाराष्ट्रभर फिरला. तेव्हा घरात उंदीर पडले की लोक घर सोडायचे. शेतात तट्ट्यांच्या झोपड्या बांधून राहायचे, सरकारी माणूसही गाव रिकामं करा म्हणून मागे लागायचा. घर म्हणजे धोका आणि उघडं रान म्हणजे सुरक्षितता, असा तो हिशेब होता. मार्च 2020 पासून हिशेब पार उलटा झाला. घरातच राहा, आणि वय 65 च्या वर असेल तर खासच राहा. तुम्ही राहिलातही. बाल्कनीत थाळी वाजवलीत, सकाळ-संध्याकाळ काढे प्यायलात, टीव्हीवर रामायण पुन्हा पाहिलंत. कंटाळलात हो, पण राहायला घर होतं म्हणून कंटाळलात.

ज्यांचं घरच चाकांवर, त्यांचं काय झालं? तुम्हाला अमेरिकेचं फार कौतुक, म्हणून तिथलंच आधी सांगतो. तिकडे हजारो निवृत्त मंडळी घरदार विकून बारा महिने गाडीत राहतात. कागदोपत्री पत्ता लागतो म्हणून साउथ डकोटा राज्यात एक रात्र मुक्काम करायचा, त्याची पावती दाखवायची, टपाल सांभाळणाऱ्या एजन्सीचा पत्ता घ्यायचा, की झाले तिथले रहिवासी. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये एकामागून एक कॅम्पग्राउंड बंद झाली, सरकारी उद्यानांना कुलपं लागली आणि या म्हाताऱ्यांना सांगण्यात आलं, 'आपापल्या घरी जा.' ते घरातच तर बसले होते! पुढच्याच वर्षी अशा भटक्यांवरच्या 'नोमॅडलँड' या सिनेमाला ऑस्कर मिळालं. जागा नाही मिळाली तर निदान बक्षीस तरी, असा तिकडचा न्याय असावा.

आपल्याकडे न्याय जरा वेगळा. 8 एप्रिल 2020 ला एका धनाढ्य घराण्याची 23 माणसं 5 गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला निघाली. जवळ गृहखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र होतं आणि पत्रात कारण होतं, कौटुंबिक निकड. थंड हवेच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी जायची निकड कशी असते, हे खाप्यात बसून कळणं कठीण आहे. पुढे बोभाटा झाला आणि मंडळींचा मुक्काम पाचगणीला, विलगीकरणात पडला. म्हणजे हवा थंडच मिळाली.

त्याच दिवसांत लाखावर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात पालं ठोकून अडकले होते. बऱ्याच ठिकाणी गाळप आटोपलं होतं, पण गावी जायची मुभा मिळायला एप्रिलचा मध्य उलटला. त्यांचंही बिऱ्हाड चाकांवरच असतं काकाजी. फक्त चाकांपुढे बैल असतात. आणि मे महिन्यात नागपूरच्या पांजरी टोल नाक्यावर तुम्ही स्वतः गेला असाल, तर पायी गावी निघालेल्या मजुरांचे लोंढे तुम्ही पाहिले असतील. नागपूरकरांनी तिथं खूप केलं. जेवण दिलं, चपला दिल्या, ट्रकमध्ये बसवून दिलं. टोल मात्र त्यांना लागला नाही, कारण गाडी नव्हती.

एवढं सगळं उरकल्यावर, 2021 साली आपल्या राज्य सरकारला सुचलं ते कॅराव्हॅन पर्यटन धोरण. चाकांवरच्या घराला उभं राहायला पार्क हवेत, तिथं पाणी, वीज, सांडपाण्याची सोय हवी, असं सगळं त्यात रीतसर आहे. चांगलंच आहे. धनगरांना मात्र बिनधोरणाचं हिंडावं लागतं आणि लॉकडाउनमध्ये त्यांच्या मेंढ्यांच्या वाड्यांना गावोगावच्या वेशींवर अडवलं गेलं. त्यांच्यासाठी कुणी पार्क काढला नाही. त्यांच्या बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याला फ्रिज नसतो ना, म्हणून ते पर्यटनात बसत नाहीत.

आता तुमच्या येण्याचं बोलू. साथीत गावाच्या तोंडाशी काय असतं ते तुम्ही शहरात बसून बातम्यांत पाहिलंत. एक बांबू आडवा, त्यावर बाभळीच्या काट्या, खडूनं लिहिलेली पाटी आणि सावलीत खुर्ची टाकून बसलेली चार पोरं. एरवी त्यांना कुणी काम सांगत नाही, त्या दिवसांत ती कलेक्टर असतात. तुम्ही काच खाली कराल, म्हणाल, "मी इथलाच, अमक्याचा नातू." पोरगा म्हणेल, "असान जी. पण आधार कार्डावर तं नागपूर लिहून आहे." काकूजी खाली उतरून आजेसासऱ्यांचं नाव सांगतील. पोरगा ते फोनवर आपल्या आज्याला विचारेल. आज्याला कमी ऐकू येतं. तोवर गाडीचा एसी बंद करू नका.

समजा सोडलंच आत. मग दुसरा प्रश्न, जो जाहिरातीत कुणी दाखवत नाही. गाडीतल्या संडासाची टाकी चार-सहा दिवसांत भरते. ती कुठं रिकामी करणार? कन्हानकडे बोट दाखवू नका. ही नदी आमच्याकडून खाली कामठीकडे जाते आणि तिथून तिचं पाणी नागपूरच्या नळांना येतं. तुमच्या फ्लॅटच्या टाकीत तुमचंच काही परत पोचावं, अशी तुमची इच्छा नसणार.

यावर तुम्ही म्हणाल, मग ते रबारी कसे चालतात? खरं आहे. कच्छकडचे रबारी उंट-मेंढ्या घेऊन वर्षानुवर्षं विदर्भात हिंडतात आणि शेतकरी त्यांना आपण होऊन वावरात बोलावतो. रात्रभर मेंढ्या बसल्या की शेताला लेंडीखत मिळतं, त्याबद्दल तो धान्य नाही तर पैसे देतो. हा व्यवहार आहे काकाजी. ते काहीतरी टाकून जातात, ते जमिनीला उपयोगी पडतं. तुमच्या टाकीत जंतुनाशक रसायन असतं, त्यानं पऱ्हाटी वाढत नाही. तेव्हा वावरात मुक्काम हवा असेल तर धान्य मिळणार नाही, उलट भाडं द्यावं लागेल. किती, ते वावरमालक गाडीची लांबी बघून सांगेल.

तरी मन होत असेल तर जरूर या. येताना काकूजींना म्हणावं, देवघर घट्ट बांधा. इकडचा रस्ता त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खाप्याचा एक बिनचाकी रहिवासी

ता. क. : वडिलांच्या घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली. तुमच्या हिश्शाची घरपट्टी थकली आहे. ती ऑनलाइन भरता येते का ते मी विचारलं, बाबू म्हणाला, "माणूस जिवंत आहे तं इथं येऊन दाखवू दे." गाडी आधी नगरपरिषदेपुढेच लावा.